कोळसेवाल्याने भरलेली कुंडी

बायको गेल्यावर तिचं ऑर्किड मी शेतातल्या काळ्या मातीत लावलं आणि त्याची पानं पिवळी पडू लागली. कुंडी घेऊन तळोद्याच्या बाजारात गेलो, तेव्हा कोळसा विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला थांबवलं. त्याने झाड उपटलं, कुजलेली मुळं नखाने तोडली आणि ओली बोटं बराच वेळ हुंगली.

"भाऊ, हाई आंबाना खोडवर वाढस. मातीमा लावनं म्हणजे जित्तं पुरनं शे."

त्याने कुंडीत झाडाच्या सालीचे तुकडे, नारळाची शेंडी आणि कोळसा भरला. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "रोज पानी कोन टाकस?"

"मीच, पण आठवड्यातून एकदा. घरात एकटाच असतो."

"रोज टाकस कोनीतरी. घर जाईसन तिले सांगी द्या, आते पानी नको टाकू."

माती रोज सकाळी ओली लागायची, हे खरं होतं.

घरी येऊन रिकाम्या खोलीत मी ते मोठ्याने सांगितलं. तेव्हापासून कुंडी कोरडी असते. झाडाला हिरवी मुळं फुटली आहेत. पण सकाळी कुंडीवर हात ठेवला की वाटतं, सांगायला नको होतं.