उरलेली दहा मिनिटं

कोल्हापुरात फुटबॉलची मॅच संपायच्या दहा मिनिटं आधीच तो उठायचा, मागोमाग आम्हीही, कारण मिरजेची पॅसेंजर कुणासाठी थांबत नसे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. डब्यात तो कुणाला मोबाइल काढू द्यायचा नाही. उरलेला खेळ स्वतःच हातवारे करून सांगायचा आणि हातकणंगले येईपर्यंत आमचा संघ जिंकलेला असायचा.

यंदा गाडीची वेळ पुढं गेली. तरी तो वेळेवर उठला आणि मैदानाकडं पाठ करून फाटकात उभा राहिला.

"आता तरी शेवट बघा की," मी म्हणालो.

"आवं, बघितल्यावर वाटंत बोलायचं काय?"

आम्ही हरलो. गाडीत सगळ्यांची तोंडं पडलेली. रुकडी गेलं तरी त्याचे हातवारे सुरू झाले नाहीत. शेवटी मीच मोबाइल खिशात टाकून विचारलं, "मग, उरल्या दहा मिनिटांत काय झालं?"