निर्मलाचा नंबर

“माइट्रल स्टेनोसिस,” धुळ्याचे डॉक्टर म्हणाले आणि केसपेपरच्या मागच्या बाजूला हृदयाचं चित्र काढू लागले. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्प्यांमध्ये एक झडप असते. ती आखडली की पुरती उघडत नाही. रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं आणि माणसाला दम लागतो.

माझी धाकटी बहीण निर्मला तेव्हा तेवीस वर्षांची होती, सहा महिन्यांची गरोदर. सोनगीरला सासरी दोन पायऱ्या चढली तरी तिला धाप लागायची. सगळे म्हणत होते, पोटुशीला दम लागणारच.

“लहान असताना सांधे सुजून ताप आला होता का?” डॉक्टरांनी विचारलं.

निर्मलानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या सासूबाईंनीही पाहिलं. मी जळगावच्या एका रुग्णालयात रेकॉर्ड विभागात आहे. आजारांची नावं आणि त्यांचे नंबर हेच माझं काम. उत्तर मला पाठ होतं. तरी मी म्हणाले, “जुने कागद बघून सांगते.”

असं का म्हणाले ते इथे लिहिते आहे. तुमच्या घरात एखादी मुलगी गुडघा धरून बसली असेल, तर तुमच्या उपयोगी पडावं म्हणून.

चार वर्षांपूर्वी निर्मला कॉलेजसाठी माझ्याकडे जळगावात पिंप्राळ्याला राहत होती. आधी घसा धरला. पंधरा दिवसांनी ताप आला, गुडघा सुजला. तो उतरला तर कोपर सुजलं. तिला आमच्याच रुग्णालयात दाखल केलं. रक्ततपासणी झाली, कार्डिओग्राम झाला. ऱ्हुमॅटिक फीवर निघाला. घशाच्या जंतूंशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतं, तो हा ताप. डॉक्टर म्हणाले, “सांधे बरे होतील. पण दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, निदान पंचविशीपर्यंत. एकही चुकवायचं नाही. चुकलं तर झडपेवर जाईल.”

ती घरी आली आणि तिचा केसपेपर रीतीप्रमाणे माझ्या टेबलावर आला.

आमच्याकडे आजारांच्या वर्गीकरणाचं एक जाड पुस्तक असतं. जगातल्या प्रत्येक आजाराला त्यात नंबर आहे. ऱ्हुमॅटिक फीवर म्हणजे ३९०. नुसती सांधेदुखी म्हणजे ७१९.४. कागद नंबरावर लावले जातात, त्यामुळे नंबर म्हणजे त्या कागदाचा पत्ता. डॉक्टरांनी एक चांगली पद्धत घातली होती. ३९० नंबरच्या सगळ्या रुग्णांची यादी मी दर महिन्याला काढायची आणि प्रत्येकाला पोस्टकार्ड टाकायचं: ‘आपले इंजेक्शन अमुक तारखेस आहे. हृदयाच्या झडपेसाठी ते आवश्यक आहे. चुकवू नये.’

निर्मलाच्या कागदावर दाखल केलं त्या दिवशीचीच ओळ राहिली होती: ‘सांधेदुखी, ऱ्हुमॅटिक फीवर’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह असेल तर डॉक्टरांकडे जाऊन विचारायचं, हा नियम मीच केलेला. डॉक्टर दोन खोल्या पलीकडे बसायचे. ते काय सांगणार, हे मला बहीण म्हणून आधीच कळलेलं होतं.

पण त्याच आठवड्यात आमचे वडील, आबा, पहूरहून आले होते. सोनगीरचे लोक निर्मलाला पाहायला येणार होते. आबांना पोस्टकार्डांची पद्धत माहीत होती आणि केसपेपरवर पत्ता गावचा, पहूरचाच होता. ते म्हणाले, “कार्ड उघडं असतं. पोस्टमन पारावर बसून वाचतो, मग गावाला वाटतो. हृदय हा शब्द पहूरला पोचला की पोरीचं काही खरं नाही. कार्ड येऊ देऊ नको. तुझ्याच हातात आहे ना?”

माझ्याच हातात होतं. मी लाल शाईनं ७१९.४ लिहिलं. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लग्न उरकलं की दुरुस्त करू, असं ठरवलं आणि माझ्या कामांच्या वहीतल्या यादीत नोंद केली: ‘निर्मला, नंबर दुरुस्त करणे.’

लग्नापर्यंत मी स्वतः तिला नेऊन इंजेक्शन देववलं. एकही चुकलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरपणाला आली तेव्हा ती म्हणाली, “अक्का, सासूबाई विचारतील कशाची सुई म्हणून. आता कुठे दुखतंय मला? आणि महत्त्वाचं असतं तर तुमचं कार्ड आलं असतं ना!” ती हसत होती. मीही हसले. धुळ्याला जाशील तेव्हा घेत जा, एवढंच म्हणाले.

माझ्या यादीत ती ओळ महिन्यामागून महिना पुढे सरकत राहिली. गॅसचा नंबर, पापडाचे उडीद, निर्मला. दिवाळीला नवी वही केली तेव्हा राहिलेली कामं उतरवून घेताना ती ओळ मी घेतली नाही. विसरले असं म्हणता आलं असतं. पण मी यादी करणारी बाई आहे, मी विसरत नाही. मी ती गाळली.

निर्मलाला धुळ्यालाच दाखल करून मी परत आले आणि आमच्या रेकॉर्डच्या खोलीत गेले. ३९०चा गठ्ठा उघडला नाही, कारण तिथे ती नव्हतीच. सांधेदुखीच्या गठ्ठ्यात गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्यांच्या कागदांमध्ये सापडली. माझं लाल अक्षर स्वच्छ होतं, खाडाखोड नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन धुळ्याला गेले आणि निर्मलाच्या खाटेजवळ, सासूबाईंसमोर, डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कागद वाचला. “बाई, नंबर चुकला म्हणून झडप खराब होत नाही. इंजेक्शन चुकल्यानं होते,” ते म्हणाले. मग कागद परत देत म्हणाले, “पण तुमच्याकडे इंजेक्शनचं कार्ड नंबरावरूनच जातं, नाही का?”

निर्मलानं भिंतीकडे तोंड केलं.

सासूबाई त्यांच्या अहिराणीत बोलल्या. “आमले काबर नही सांगं? दुखनं शे ते, चोरी नही.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “इतली शिकेल बाई तू, एक कार्ड लिखता उनं नही?” एवढं बोलून त्या मोसंबी सोलायला बसल्या. पहिली फोड त्यांनी निर्मलाला दिली.

सातव्या महिन्यात निर्मलाला मुलगी झाली. ती चार दिवस जगली.

नंतर मुंबईला व्हॉल्व्होटॉमी झाली. छातीच्या डाव्या बाजूनं आत जाऊन आखडलेली झडप बोटानं मोकळी करतात. वेटिंग रूमच्या बाकावर सासूबाई आणि मी सहा तास शेजारी बसलो होतो. त्यांनी मला दोनदा चहा आणून दिला. निर्मला वाचली. आता ती पाण्याची कळशी घेऊन पायऱ्या चढते. मूल पुन्हा झालं नाही. तिनं मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. आजाराचं पूर्ण नाव लिहून मागा. सांधेदुखी, अशक्तपणा, उष्णता असे शब्द लिहू देऊ नका. पुढे प्रश्नचिन्ह असेल तर ते डॉक्टरांकडून खोडून घ्या किंवा पक्कं करून घ्या. आणि सोयरीक जुळवताना झाकलेलं दुखणं झाकणाऱ्याला त्रास देत नाही, ज्याचं आहे त्यालाच देतं.

ऑपरेशननंतर मी तिच्या कागदावरचं ७१९.४ एका रेघेनं खोडलं आणि तारखेसह सही केली. बाजूला ३९० लिहायला गेले आणि थांबले. आता तिचा तो नंबर राहिला नव्हता. झडप कायमची खराब झाली की नंबर बदलतो. मी ३९४.० लिहिलं.

दर एकवीस दिवसांनी मी सोनगीरला कार्ड टाकते. उघडंच, ‘हृदय’ या शब्दासकट. सासूबाईंना वाचता येत नाही. त्या पोस्टमनला ओट्यावर बसवतात, मोठ्यानं वाचून घेतात आणि आत हाक मारतात, “कार्ड उनं वं पोरी, चाल.”