सुपावर ठरलेली रॅकेट

शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९८६. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि जागेश्वर सेलोकर कामाला बसून अर्धा तास झाला होता. तुमसर तालुक्यातल्या एका मँगनीज खाणीच्या ऑफिसर क्लबात बॅडमिंटनच्या कोर्टाला लागून आठ बाय दहाची एक खोली आहे. तिथं तो मांडी घालून बसला होता. मांडीवर लाकडी रॅकेट, डाव्या हातात आरी, दातांत तातीचं टोक. उभ्या बावीस ताती भरून झाल्या होत्या, आडव्यांतली नववी चालू होती. प्रत्येक तात ओढली की तो आरीचं टोक भोकात दाबून ती अडवायचा, नखानं एकदा छेडायचा, आवाज ऐकायचा आणि पुढं सरकायचा.

दारात नवे साहेब येऊन उभे राहिले. ते भूगर्भशास्त्रज्ञ, वय सव्वीस, पुण्याहून येऊन जेमतेम महिना झालेला. दोन्ही हातांत एकेक रॅकेट.

"जागेश्वरभाऊ, यातली एक ठेवायची आहे, एक मित्राला परत करायची आहे. कोणती ठेवू?"

"तात सैल पडली तं मी भरून देतो, सायेब. रॅकेट तुमची तुमी पाहा."

"अहो, सगळे म्हणतात की रॅकेट निवडावी ती जागेश्वरनं."

"जुनं सांगून राहिले ते."

मग जागेश्वरनं आरी खाली ठेवली, साहेबांचा उजवा हात धरला आणि अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा असतो त्यात आपला अंगठा दाबला.

"इथं दुखते का?"

"नाही."

"पडले-गिडले होते का कधी हातावर?"

"नाही हो. डॉक्टर आहात की काय?"

"नाई जी," म्हणून त्यानं हात सोडला आणि दहावी तात ओढायला घेतली. मग साहेब स्वतःला जी चकचकीत वाटली ती घेऊन कोर्टावर गेले.

सगळे म्हणतात ते खोटं नव्हतं. आंबागडच्या किल्ल्याखाली सेलोकरांची चार एकर धानाची शेती. तीन भावांत ती पुरेना, म्हणून मधला जागेश्वर १९६९ साली क्लबात मार्कर म्हणून लागला. मार्करनं कोर्ट झाडायचं, जाळी ताणायची, पिसांची फुलं वाफेवर धरायची आणि कोणाला जोडीदार नसला तर समोर उभं राहायचं. तात भरायला तो नागपूरच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे पंधरा दिवस बसून शिकला. रॅकेट निवडायला त्याला कोणी शिकवलं नाही. ते तो बघून शिकला.

त्यानं पाहिलं की साहेब लोक रॅकेट दुकानात निवडतात ती रंगावरून, नाहीतर कुठल्या चॅम्पियनच्या हातात फोटोत दिसली त्यावरून. मग महिनाभरात खांदा धरतो किंवा फूल जाळीत जातं, आणि दोष तातीवर येतो. रॅकेटी दोन जातीच्या, असं जागेश्वरचं म्हणणं होतं. बोटावर आडवी तोलून धरली की काही तोंडाकडे झुकतात, काही मुठीकडे. पहिलीला तो 'तोंडजड' म्हणायचा, दुसरीला 'मूठजड'. तोंडजड रॅकेट मागून जोरानं मारणाऱ्याची. तिला खांदा लागतो. मूठजड रॅकेट जाळीजवळ खेळणाऱ्याची, ती मनगटाच्या इशाऱ्यानं फिरते. दांडीचंही तसंच. नव्या खेळणाऱ्याला थोडी लवलवती दांडी द्यावी, ती त्याच्या कमी जोरात आपला जोर घालते. ज्याचा हात मुळातच झपकन फिरतो त्याला कडक द्यावी. मूठ पकडल्यावर बोटं आणि तळव्याच्या मधे एका बोटाची फट राहिली पाहिजे. तात सुरुवातीला सैलच बरी.

हे सगळं जमलं तरी एक प्रश्न उरायचा. समोरचा माणूस खांद्याचा की मनगटाचा? विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, मी स्मॅश मारतो.

याचं उत्तर त्याला आंबागडच्या खळ्यावर मिळालं. १९७३च्या पौषात त्याची बायको चंद्रभागाबाई आणि मोठी भावजय शेजारी शेजारी बसून धान पाखडत होत्या. भावजयीचं सूप खांद्यापासून उडत होतं. चंद्रभागाबाईचं सूप जागचं हलत नव्हतं, नुसती मनगटं थरथरत होती आणि फोल समोर जाऊन पडत होतं. जागेश्वर दोन्ही सुपांकडे बघत उभा राहिला. भावजय म्हणाली, "काहून पाहून राहिले भाऊजी? बायको काय आजच दिसली?"

दुसऱ्या दिवशी तो एक सूप आणि शेरभर धान घेऊन क्लबात आला.

क्लबाचे सेक्रेटरी वासुदेवराव खाणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. पहिलं सूप त्यांच्या हातात गेलं. ते म्हणाले, "लेका जागेश्वर, रॅकेट देऊन राहिला का सून पाहून राहिला?" पण पाखडलं त्यांनी. खांद्यापासून पाखडलं, अर्धं धान चपलांवर सांडलं. जागेश्वरनं त्यांच्या हातातली हलकी रॅकेट काढून घेऊन तोंडजड दिली. दोन महिन्यांत वासुदेवराव दुहेरीतली कधी नव्हे ती स्पर्धा जिंकले आणि सुपाची कीर्ती खाणीबाहेर गेली. तुमसरचे वकील यायचे, भंडाऱ्याहून एक डॉक्टर आला. आठ वर्षांत सूप एकदाही चुकलं नाही. जागेश्वरला तरी असंच वाटत होतं.

ललिता त्याची एकुलती एक मुलगी, १९६५ची. आठव्या वर्षापासून ती सकाळी बापाबरोबर क्लबात यायची. साहेब लोक तेव्हा साडेसातनंतर यायचे, तोवर कोर्ट रिकामं. दोघं खेळायची. टाकून दिलेल्या रॅकेटी मुठीला चिंध्या गुंडाळून ती वापरायची. सोळाव्या वर्षी तिचा ड्रॉप असा पडायचा की फूल जाळीवरून घरंगळतंय असं वाटायचं. वासुदेवरावांनी तिचं नाव नागपूरच्या ज्युनियर निवडीसाठी पाठवलं. तारीख ठरली रविवार, ३ जानेवारी १९८२. तिथं पहिल्या चारात आली तर पुढच्या शिबिराला जायचं होतं. खाणीच्या वसाहतीतून तोवर कोणी गेलं नव्हतं.

दिवाळीच्या सुटीत ललिता आईबरोबर आंबागडला गेली. धानाची कापणी चालू होती. डोक्यावर भारा घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना तिचा पाय घसरला आणि ती उजव्या तळव्यावर पडली. मनगट सुजलं. चंद्रभागाबाईनं हळद-चुना गरम करून बांधला. चार दिवसांत सूज उतरली, दुखणंही गेल्यासारखं वाटलं.

"आई, बाबाले नको सांगू. मले नागपूरले जाऊ नाई देणार."

"दुखते का पण?"

"नाई दुखत बापा. एवढंसं."

वीस दिवसांनी मायलेकी परत आल्या त्याच सकाळी वासुदेवरावांनी दोन रॅकेटी आणून ठेवल्या होत्या. क्लबाकडून ललिताला एक द्यायची होती, तिची पहिली नवी रॅकेट. जागेश्वरनं दोन्ही ऑफिसातल्या टपालाच्या काट्यावर तोलल्या. अ‍ॅल्युमिनियमच्या तोंडाची, मूठजड, लवलवत्या दांडीची भरली एकशे चार ग्रॅम. लाकडी तोंडाची, कडक लोखंडी दांडीची भरली एकशे अठ्ठावीस.

वासुदेवराव म्हणाले, "ह्यात पाहाचं काय? पोरगी जाळीवर खेळते. हलकी दे."

"सुपाले विचारू," जागेश्वर म्हणाला. "आपल्या लेकराचं माणसाले बरोबर दिसत नाई. साऱ्याइले जे केलं तेच हिले."

पोरीला पहिल्याच सकाळी, एक फूलही न मारता, त्यानं सूप दिलं. ललितानं सूप धरलं. तिनं मनगट वळवलं नाही. कोपरापासून बोटांपर्यंत हात काठीसारखा ताठ ठेवून ती खांद्यानं पाखडत होती. धान उंच उडत होतं, फोल लांब जात होतं.

जागेश्वर हसला. "पाहा वासुदेवराव! पोरगी खांद्याची निघाली. धानाचे भारे उचलून आली, जोर आला."

"बाबा," ललिता म्हणाली, "हलकी नाई चालन का?"

"सूप खोटं नाई बोलत, बाई."

तिनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकशे अठ्ठावीस ग्रॅमची रॅकेट उचलली.

त्यानंतरचे जवळजवळ सात आठवडे ती रोज दोन तास खेळली. ड्रॉप बंद झाले. मागून जोराचे फटके सुरू झाले, खांद्यातून, सरळ. जागेश्वरनं ते पाहिलं आणि सूप बरोबर होतं असं धरलं. तात आणखी थोडी ताठ केली.

नागपूरला पहिला सामना ती जिंकली. दुसऱ्या सामन्यात दुसऱ्या गेमला सात-पाच असताना तिनं डोक्यावरचं फूल मारलं आणि रॅकेट तिच्या हातातून सुटून जाळीखाली गेली. ती उचलायला वाकली, मूठ धरायला गेली, पण बोटं मिटेनात. पुढं खेळणार का, असं पंचानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा जागेश्वरनंच हात वर करून नाही म्हटलं.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो खिडकीशी धरला. मनगटात अंगठ्याच्या बाजूला काजूएवढं एक हाड असतं. त्याचे दोन तुकडे झाले होते.

"हे आजचं नाही," डॉक्टर म्हणाले. "कडा गुळगुळीत झाल्यात. दीड-दोन महिने झाले असतील. पडली होती का?"

"नाई," जागेश्वर म्हणाला.

"हो," ललिता म्हणाली.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. या हाडाला रक्त कमी पुरतं. तेव्हाच प्लास्टर घातलं असतं तर जुळलं असतं. वर त्याच हातानं जड रॅकेट खेळली, त्यामुळे एक तुकडा सुकला. आता प्लास्टर घालू, पण मनगट पूर्ववत होईल असं मी म्हणणार नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जागेश्वर चुलीजवळ बसला. चंद्रभागाबाई भाकरी थापत होती.

"तुले मालूम होतं?"

तिचा हात थांबला. "होय जी. हळद मीनंच बांधली."

"मंग बोलली काहून नाई?"

"मले वाटलं, तुमाले दिसलं असन. तुमी तं साऱ्याइच्या मनगटाकडं पाह्यता."

जागेश्वर उठून कामावर गेला. त्या दिवशी त्यानं सूप घरी आणून चंद्रभागाबाईला दिलं आणि शेरभर धान कोंबड्यांना टाकलं. वासुदेवरावांनी कारण विचारलं नाही. पुढं कोणी रॅकेट निवडायला आलं की तो मनगट दाबून बघायचा, दुखतं का विचारायचा आणि निवड ज्याची त्याच्यावर सोडायचा. लोकांना वाटलं, मार्करला गर्व झाला.

प्लास्टर चार महिने राहिलं. हाड जुळलं नाही. मनगट अर्धंच वळायचं आणि ओल्या कापडाला पीळ देता यायचा नाही. ललितानं रॅकेटला परत हात लावला नाही. तिनं डी.एड. केलं आणि १९८५च्या जून महिन्यात तिला करडीच्या प्राथमिक शाळेत नोकरी लागली. खडू ती डाव्या हातात धरायला शिकली.

करडीला जायच्या दिवशी बापलेक एसटीच्या फाट्यावर उभी होती. ट्रंक जागेश्वरच्या डोक्यावर होती. साडेतीन वर्षांत सुपाच्या त्या सकाळबद्दल घरात एक शब्द निघाला नव्हता. त्याला विचारायचं होतं, पण काय विचारायचं ते ठरत नव्हतं.

ललिताच बोलली. "बाबा, तुमी चुकून राहिले हे मले तेव्हाच समजलं होतं. सूप धरलं तवाच. मनगट वळत नोतं, म्हणून खांद्यानं पाखडलं."

"मंग?"

"खरं सांगतलं असतं तं नागपूर गेलं असतं. अन् तुमी हसून राहिले होते. वासुदेवरावाईसमोर. मले वाटलं, एवढ्यानं काय होते. वीस-पंचवीस ग्रॅम."

"चोवीस," जागेश्वर म्हणाला.

गाडी आली. त्यानं ट्रंक टपावर चढवली, खाली उतरला, आणि गाडी वळणाआड जाईस्तोवर तिथंच उभा राहिला. तिनं माफ केलं की दोष आपल्याकडे ओढून घेतला, हे त्याला कळलं नाही. दोन्हीपैकी कशानंही त्याला बरं वाटलं नाही. ते त्यानं कोणाला सांगितलं नाही, चंद्रभागाबाईलासुद्धा नाही.

चौदा नोव्हेंबरला पावणेसातला आडव्या एकवीस ताती भरून झाल्या. जागेश्वरनं शेवटची गाठ मारली, उरलेली तात कापली आणि रॅकेट लाकडी चौकटीत आवळून ठेवली. कोर्टावर नव्या साहेबांनी लागोपाठ तीन फुलं जाळीत मारली होती. त्यांच्या हातात तोंडजड रॅकेट होती आणि त्यांचा हात सरळसरळ मनगटाचा होता, हे खोलीतून दिसत होतं.

"जागेश्वरभाऊ, तात सैल आहे का हो हिची?"

"पाहतो जी," म्हणून तो उठला. रॅकेट घेतली, तात छेडली. तात बरोबर होती. दुसरी रॅकेट बाकावर पडली होती. ती त्यानं उचलली नाही.

"ठीक आहे, सायेब," तो म्हणाला आणि पडलेली फुलं गोळा करायला लागला.

उद्या शनिवार. शाळा सकाळची असल्यानं करडीहून येणारी गाडी दुपारी अडीचला फाट्यावर थांबते आणि ललिता सोमवारपर्यंत घरी राहते. शनिवारी क्लब एक वाजता बंद होतो. एक ते दोनच्या दरम्यान जागेश्वर वसाहतीच्या विहिरीवरून बारा गुंड, म्हणजे बारा हंडे, पाणी भरतो, दोन दिवस पुरेल इतकं, ललिताला विहिरीचा दोर ओढावा लागू नये म्हणून.