चिरलेला मासा परत नाही

पूर्णेच्या बाजारात मासे विकणाऱ्या त्या बाईचं नाव मला अजून माहीत नाही. पायाखाली विळी दाबून ती मासा चिरते आणि आतडं तुटू न देता एका ओढीत बाहेर काढते. चिरलेला मासा परत घेत नाही, हा तिचा नियम.

परवा एक खानावळवाला सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमच्या तळ्यात रोहूला कोंबडीची घाण चारतात म्हणं." ते ऐकून रांगेतली गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन वळली. टोपली तर भरलेलीच होती.

"थांबा की समदे! मालक, कोणता चिरू? तुमीच बोट दावा."

त्यानं सगळ्यात मोठा रोहू दाखवला. बाईनं आतडं फळीवर पसरलं. मला मोजल्याशिवाय राहवत नाही. मासा दोन विती, आतडं सोळा विती! मग तिनं मरळ चिरली. मरळीचं आतडं तिच्या लांबीहूनही आखूड निघालं.

"ही दुसरे मासे खाती. मांस लवकर जिरतं, तिला एवढं आतडं लय झालं. रोहूचं खाणं शेवाळ, चिखल. ते जिरायला एवढं लांब आतडं लागतंय." तिनं रोहूचं आतडं दाबलं. हिरवा गाळ बाहेर आला. "दिसली का कोंबडी?"

लोक हसले आणि परत रांगेत आले. खानावळवाला हळूच निघाला.

"मालक, चिरलेला मासा परत न्हाई. बोट तुमचंच व्हतं!"

त्यानं पैसे मोजून रोहू घेतला, वर मरळही घेतली. दुपारी मी परत तिथून गेलो, तेव्हा बाई रिकामी टोपली पालथी घालून तिच्यावर ऐटीत बसली होती.