रस्त्यावरचा उडीद

मी केलेला पहिला ट्रॅक बर्फाचा होता. धुळ्यात, देवपुरातल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या पत्र्याखाली, ऐन मे महिन्यात बसून मी बर्फ पाडला. डोंगर, टोकदार झाडं, लाकडाची घरं, सगळं केलं. त्यातली एकही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. चोपड्याच्या बाजूला केळी-कपाशीत वाढलेल्या माणसाने बर्फातून रस्ता काढावा, हा मूर्खपणा तेव्हा मला प्रगती वाटत होता.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी कॉलेज करून त्या क्लासमध्ये शिकवत असे, आणि दुपारी दोन ते चार क्लास रिकामा असला की एक मशीन माझ्या ताब्यात असे. कुणाच्या तरी कॉपी केलेल्या सीडीवरून गाड्या पळवायचा एक गेम आमच्याकडे आला होता. त्याच्यासोबत एक छोटा प्रोग्रॅम होता. त्यात हवी तशी वळणं, चढ, झाडं, खड्डे घालून आपला स्वतःचा शर्यतीचा ट्रॅक बनवता यायचा. बाकीच्यांनी गाड्या पळवल्या आणि महिन्याभरात कंटाळले. मी रस्ते बांधत बसलो.

इंटरनेटवर अशा रस्ते बांधणाऱ्यांचं एक मंडळ होतं. देशोदेशींची रिकामटेकडी माणसं आपापले ट्रॅक तिथे टाकत, दुसऱ्यांचे उतरवून घेत आणि मग त्यांवर अशा गांभीर्याने मतं देत, की जणू उद्या सकाळी तिथून एसटी सुटणार आहे. दर महिन्याला एक ट्रॅक निवडला जाई आणि तो करणाऱ्याचं नाव मंडळाच्या पहिल्या पानावर लागे. मला ते नाव तिथे लागायला हवं होतं. गावात मी आबांचा मुलगा होतो, क्लासमध्ये मी 'सर' होतो, तेही मालक समोर नसतील तेव्हाच. माझं म्हणून काहीतरी कुणीतरी मान्य करावं, ही भूक होती आणि ती मी त्या मंडळाच्या दारात नेऊन ठेवली. आज याची लाज वाटते, पण तेव्हा जेवताना सुद्धा मी तोच विचार करायचो.

फाइल पाठवायला तास लागे, आणि मधेच मालकांच्या घरी कुणी त्याच लाइनवरचा फोन उचलला की पुन्हा पहिल्यापासून. मालकीणबाईंचं दुपारी बहिणीशी बोलणं असे. माझा बर्फ चौथ्या दिवशी मंडळात पोचला. त्यावर एकच मत आलं, की झाडं बरी आहेत, पण बर्फ डोंगराच्या चुकीच्या बाजूला वितळला आहे.

आठवडाभर मी धुमसत होतो. मग डोक्यात आलं की बर्फ त्यांनी पाहिलेला आहे, तिथे ते मला पकडणारच. त्यांनी न पाहिलेलं काय आहे माझ्याकडे? गणपतीच्या सुट्टीत गावी गेलो आणि आमचा रस्ता मोजायला काढला.

गावापासून चोपड्याच्या मोठ्या रस्त्याला लागेपर्यंतचा तो रस्ता. डांबर एका गाडीपुरतं. समोरून केळीचा ट्रक आला की एकाने कच्च्यात उतरायचं, आणि कोणी उतरायचं हे गाडीच्या आकारावर ठरतं. दोन्ही बाजूंना केळी इतकी दाट की वळणापलीकडे काय आहे ते वळल्यावरच कळतं. मी सायकल, टेप आणि वही घेऊन निघालो. तासाभरात गावभर झालं की रस्ता रुंद होणार. एक काका धापा टाकत आले. "रस्तानं काम निंघनं का, भाऊ?" मी नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्यात चार हात घुसलेलं आपलं काटेरी कुंपण गुपचूप मागे घेतलं होतं. मला तेवढा भाग पुन्हा मोजावा लागला.

त्या दिवसांत रस्त्यावर आमचा उडीद पडलेला होता. उडीद उपटला, जरा वाळला, की आमच्याकडे तो डांबरावर पसरतात, चांगला पन्नास-साठ पावलं लांब. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटतात आणि मळणी होऊन जाते. याचा एक नियम आहे आणि तो आमच्या भागातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतो. पिकावरून जायचं ते सरळ, एका चालीने. ब्रेक मारला तर गाडी घसरते ती घसरतेच, शिवाय दाणा उडून चारीत जातो. आबा कडेला खराटा घेऊन उभे असत आणि नवखा कुणी दिसला की ओरडत, "सरय जाय! ब्रेक नको मारू!" जीपवाले, ट्रॅक्टरवाले, सगळे मुकाट्याने ऐकत. आबांना दुसरीकडे कुठे एवढा मान मिळाल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं मी ट्रॅकमध्ये घातलं. केळी, कच्चा उतार, गावकऱ्यांनी आपल्या हाताने घातलेला उंच गतिरोधक, आणि गावाबाहेरच्या सरळ पट्ट्यावर उडीद. सरळ गेलात तर गाडी निघून जाई. ब्रेकला हात लावलात तर गिरकी घेऊन केळीत. दोन महिने माझ्या दुपारी त्यात गेल्या. उडदाचा रंग जमेना. हिरवट काळा, मधे वाळल्या पानांचा पिवळा. तो जमला त्या दिवशी मी एकटाच हसलो.

मंडळात एकदम गलका झाला. भले भले गाडी पळवणारे केळीत जाऊन पडत होते. चार दिवस त्यांना कळेना की तो पट्टा कसा पार करायचा. मग कुणीतरी शोध लावला की ब्रेक मारायचाच नाही, आणि या शोधावर त्याने तीन परिच्छेद लिहिले. आमच्याकडे हे म्हशी हाकणाऱ्यालाही माहीत असतं. पण कौतुक होत होतं आणि मी ते अधाशासारखं वाचत होतो, दिवसातून दोनदा.

मग मंडळाच्या समितीचा निरोप आला. समिती म्हणजे तिघे. त्यांचा मुख्य स्वतःला वास्तवतेचा जाणकार समजे. ट्रॅकला तो वास्तवतेसाठी दहापैकी गुण देत असे आणि ते देताना उपकार केल्यासारखं लिहीत असे. त्याने लिहिलं की ट्रॅक या महिन्यासाठी निवडायचा विचार आहे, फक्त रस्त्यावरचा तो कचरा काढावा. रस्त्यावर कुणी धान्य टाकत नाही, त्याने सगळी वास्तवता बिघडते.

बाकी सगळं त्याला चाललं होतं. एका गाडीचा रस्ता चालला, कारण त्याला वाटलं की ती माझी कल्पनाशक्ती आहे. गतिरोधक चालला. फक्त जे खरोखर, दर भाद्रपदात, माझ्या गावाबाहेर पडत होतं तेच खोटं ठरलं. ज्या गृहस्थाला चोपडा नकाशावर सापडलं नसतं, तो मला चोपड्याच्या रस्त्यावर काय असतं ते सांगत होता. मी लांबलचक उत्तर लिहिलं. उडीद म्हणजे काय, तो का पसरतात, ब्रेक का मारायचा नाही, सगळं शब्दकोश उघडून नीट लिहिलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. हकीकत छान आहे, पण खेळणारा हकीकत वाचत नाही. उडीद ठेवायचा असेल तर जरूर ठेवावा, मग निवड दुसऱ्याची होईल.

मी फार झुंजलो असं सांगायला मला आवडलं असतं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मशीनसमोर बसलो आणि सव्वादोनला उडीद काढून टाकला. खाली स्वच्छ डांबर आलं. त्या एक तारखेला माझं नाव पहिल्या पानावर लागलं. मुख्याने वास्तवतेला नऊ गुण दिले.

क्लासच्या मालकांना मी पान दाखवलं. त्यांनी विचारलं, "यावर नोकरी लागते का?" कॉलेजातला एक मित्र म्हणाला की हेच पुण्यात केलं असतंस तर पेपरात आलं असतं. मी मनात त्यांना अडाणी ठरवून मोकळा झालो. मी काय करून बसलो आहे ते मात्र एकदाही मनात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका सोयरिकीच्या बोलणीसाठी आबा देवपुरात आले. बोलणी चारला होती. मी त्यांना आधी क्लासमध्ये आणलं, माझ्या खुर्चीत बसवलं आणि ट्रॅक सुरू केला. गाडी अगदी हळू चालवली. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुढे वाकले. काही सांगावं लागलं नाही. "हाऊ आपला रस्ता शे," ते स्वतःच म्हणाले. "हाई आपली विहीर." गतिरोधक आला तेव्हा हसले. इतक्या लांबच्या लोकांनी आपला रस्ता पाहिला, पहिल्या नंबराने घेतला, हे मी सांगत होतो, आणि ते मान हलवत होते. त्यांना अभिमान वाटत होता. तो मला स्पष्ट दिसत होता.

गावाबाहेरचा सरळ पट्टा आला.

"थांब," आबा म्हणाले. "उडीद कोठे गया?"

मी गाडी थांबवली.

"पानी वना का?" पाऊस आला की उडीद घाईने गोळा करावा लागतो, म्हणून त्यांनी तसं विचारलं. मग पडद्यावरचं लख्ख ऊन त्यांनीच पाहिलं. "ऊन तं पडेल शे. मंग उचला कोनी?"

"मी."

"काबरं?" का, असं त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

"त्यास्ले आवडना नही."

"कोन त्या?"

मी कधी त्यांची तोंडंसुद्धा पाहिली नव्हती. आबांनी त्या मोकळ्या डांबरावर बोट ठेवलं. "आनि तू उचला," ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता. त्यांनी टोपी घातली आणि उठले. "चाल, लोके वाट दखी राह्यनात." शेवटी दाखवायचं म्हणून नावाचं पान मी छापून ठेवलं होतं. ते माझ्या खिशातच राहिलं. मला स्वतःची किळस आली होती.

दुसऱ्या दिवशी मी उडीद परत पसरला आणि फाइल मंडळाकडे पाठवली. सोबत लिहिलं, की हा खरा रस्ता आहे. हाच लावा, नाहीतर माझं नाव काढा. माझ्या लांबलचक उत्तराला ज्यांनी दोन ओळी दिल्या होत्या, त्यांना या वेळी तेवढ्याही लागल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांनी नाव काढलं. बिनउडदाचा ट्रॅक तसाच ठेवला आणि लोक त्यावर गाड्या पळवत राहिले.