माझ्या हनुवटीवरचा हात

भूतखेत, करणी, अंगात येणं... तुमच्या या सदरातलं असलं काही वाचलं की माझ्या तोंडून एकच शब्द निघायचा — रिकामटेकडे! आमच्या घरात या गोष्टींना सक्त मनाई होती. बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले आणि अंगारे-धुपारे कायमचे बंद केले. नेरच्या आमच्या वस्तीत कोणाच्या अंगात आलं की बाबा सगळ्यात आधी तिथे हजर. "मेलेलं माणूस परत येत नाही. ऊठ, पाणी पे," एवढंच म्हणायचे. अशा बापाची मी मुलगी. ते असते तर त्यांनी मला हे लिहू दिलं नसतं. पण ते जाऊनही आता खूप वर्षं झाली, मी ऐंशीला टेकले, आणि ही गोष्ट एकटीनं सांभाळायची आता मला भीती वाटते.

लहानपणी मी ओट्यावरून तोंडावर पडले होते. जबड्याला आतून मार बसला असावा, कारण पुढे बाकीचा चेहरा वाढला आणि हनुवटी तिथल्या तिथे राहिली. खालच्या ओठाखाली थेट गळाच. शाळेत मला चिचुंद्री म्हणायचे. त्याचं मला काही नव्हतं, मी पण त्यांना एकेक नाव ठेवलेलं होतं! पण आमच्याकडे म्हाताऱ्या बाया भेटल्या की पोरीची हनुवटी अंगठा आणि तर्जनीत धरतात, मग तीच बोटं आपल्या ओठांना लावतात. माझ्यापाशी आल्या की ती बोटं हवेतच अडखळायची आणि मग गालाला लागायची. त्या अडखळण्याचं मात्र मला फार वाईट वाटायचं.

साठ सालानंतरची गोष्ट. मी मॅट्रिक झाले होते. बाबा जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होते. आई पण पूर्वी त्याच जिनात कामाला होती, मी लहान असतानाच तापानं गेली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एक सर्जन कमरेचं हाड काढून हनुवटी बसवून देतात असं बाबांना कोणीतरी सांगितलं. वस्तीतले लोक म्हणाले, "चालते-बोलते पोरगी, कायले चिरफाड करून राह्यले?" बाबा म्हणाले, "तोंड तिचं हाये. तिले पाह्यजे."

मध्यंतरी नातीच्या मैत्रिणीनं मला विचारलं, "आजी, चिनचं ऑपरेशन फार दुखतं का हो?" म्हणून सांगते, हनुवटी दुखत नाही, दुखते ती कंबर. जिथून हाड काढतात तिथे अशी कळ येते की खोकायचीही चोरी. तोंड सुजून भोपळा होतं. तोंड फार उघडायचं नाही, चावायचं नाही, हसायचं नाही, एका कुशीवर झोपायचं नाही. वरणाचं पाणी नि पातळ पेज, बस्स. आणि हनुवटी बधिर होते. डॉक्टरांनी सुई टोचून विचारलं, "कळतंय?" मला काहीच कळत नव्हतं. चहा ओठावरून ओघळून पदरावर पडला की मग समजायचं. "मज्जातंतू दुखावलाय, येईल हळूहळू. कदाचित पूर्ण येणारही नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी बाबांना बजावलं. "हाड धरायला वेळ लागतो. तोवर तिथे कोणीही हात लावायचा नाही. ते सरकलं तर काढून टाकावं लागेल, मग कातडी लोंबेल आणि चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल. मला पुन्हा काही करता येणार नाही."

हनुवटीवर आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या घेऊन मी एसटीनं नेरला आले. आर्णीहून आत्या आली होती माझं करायला. वस्तीतल्या बाया बघायला आल्या, सगळ्यांची बोटं शिवशिवत होती. बाबांनी दारातच खाट टाकली. "दुरून पाहा. हात लावसान तं याद राखा."

पहिल्यांदा झालं ते भर दुपारी. आत्या मागे अंगणात तुरी पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता. मी आत खाटेवर उताणी पडले होते. आणि कोणीतरी माझी हनुवटी धरली. एका बाजूनं अंगठा, दुसऱ्या बाजूनं दोन बोटं.

आधी मला आनंद झाला! वाटलं, संवेदना परत आली. मी माझं बोट अगदी हलकं पट्टीला लावून पाहिलं. काहीच कळलं नाही. स्वतःचं बोट कळत नव्हतं, आणि ती तीन बोटं मात्र स्पष्ट कळत होती... मी डोळे उघडे ठेवून पडले होते. खोलीत कोणी नव्हतं. हात दिसत नव्हता. मग त्या बोटांनी माझं तोंड हळूच भिंतीकडे वळवलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. दरवेळी भिंतीकडेच. मी मान ताठ धरायची, तर कमरेतून अशी कळ जायची की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग आत्यानंच पाहिलं, पट्टी एका बाजूला ओढली गेली होती. "कमे, हात लावतं का वं तू?" मी रडत रडत, बंद दातांतून, सगळं सांगितलं. आत्या घाबरेल असं वाटलं होतं. तिचा चेहरा उजळला.

"अवं येडे, तुही माय असन ते! जिती होती तवा धराले हनवटी नोहती तुही. आता आली पाहाले." आणि बाबा घरी नाहीत हे पाहून तिनं कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "ये वयनी. पोरगी तुहीच हाये. धर, मन भरेस्तोवर धर."

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आई आठवतही नव्हती नीट. डोळे मिटून मी वाट पाहत पडले.

हात आला. अंगठा टेकला, दोन बोटं टेकली... आणि तेव्हाच मला आठवलं. आईला उजव्या हाताची तर्जनी नव्हती! जिनाच्या मशीनमध्ये मुळापासून गेली होती, सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. आत्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, आणि आनंदाच्या भरात आम्हा दोघींनाही ते सुचलं नव्हतं. हाही उजवाच हात होता, आणि याला तर्जनी होती. ती माझ्या जबड्याच्या काठावर दाबून बसली होती.

आम्ही कोणाला बोलावलं होतं?

आता पकड आधीसारखी हलकी नव्हती. तोंड भिंतीकडे वळलं, आणखी वळलं, मानेच्या शिरा ताणल्या. पट्टीखाली काहीतरी ओलं झालं. हाड सरकतंय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हाड सरकलं तर संपलं सगळं. तोंड उघडून ओरडता येत नव्हतं. पाय झाडले, उशाचा पाण्याचा गडू खाली पडला. आत्या धावत आली आणि दारातच खिळली. तिच्या मागून बाबा. जेवायला घरी येत होते ते.

त्यांनी काय पाहिलं ते मला आत्यानं नंतर सांगितलं. पट्टीवर तीन खड्डे पडले होते आणि ते खोल खोल जात होते.

बाबा पुढे झाले, खाटेच्या काठावर बसले आणि त्यांनी माझ्या हनुवटीपाशी हात नेला. मला ते जाणवलं नाही, जाणवणार तरी कसं! फक्त त्यांची मूठ नाकाखाली दिसत होती, बोटांची पेरं पांढरी पडलेली. "भाऊ, डॉक्टरनं हात लावू नोको म्हटलं न!" आत्या ओरडली. "मले माहीत हाये," बाबा म्हणाले. हळूहळू ती तीन बोटं सैल झाली.

त्यानंतर बाबांनी जिनातून रजा टाकली. रोज दुपारी ते माझ्याजवळ बसायचे, हात तसाच हनुवटीपाशी. घामानं डबडबलेले असायचे. कधीकधी दात आवळायचे. मी विचारलं की म्हणायचे, "निज तू." मला पुन्हा काही जाणवलं नाही. आणि एका दुपारी बाबांनी अचानक हात खाली घेतला, तळव्याकडे बघत बराच वेळ बसले, मग उठून बाहेर निघून गेले. त्या दिवसापासून ते दुपारी बसायचे बंद झाले.

नागपूरला डॉक्टरांनी पट्ट्या काढल्या. हाड जागच्या जागी होतं. आरशात मला हनुवटी होती! मी रडले. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "शाब्बास. कोणी हात लावला नाही ना?" बाबा म्हणाले, "नाही साहेब." बाबांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पुढे नोकरी, लग्न, पोरंबाळं, सगळं रीतसर झालं. घरात त्या दुपारांचं नाव कोणी काढलं नाही. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा यवतमाळला माझ्याकडेच होते. एकदा त्यांना पेज भरवताना मी सहज म्हणाले, "बाबा, तुम्ही तेव्हा माझी हनुवटी धरून बसला नसता तर..."

"म्या तुही हनवटी नाही धरली," ते म्हणाले.

मला वाटलं, विसरले.

"डॉक्टरशी खोटं नाही बोललो म्या. तुह्या हनवटीले बोट नाही लावलं कधी. मनगट धरून बसलो होतो. त्याचं."

मी चमचा वाटीत ठेवला.

"मेलेलं माणूस येत नाही, हे म्या लोकाईले सांगत आलो, ते खरंच हाये कमे. ते जितं होतं. गरम होतं मनगट. घामेजलेलं. नाडी चालू होती." थोडा वेळ त्यांना धाप लागली. "सोडवून घ्यासाठी लय झटे. पण सोडलं तं तुही हनवटी जाईन. म्हणून म्या रोज आवळून धरलं. रोज. अन् एक दिवस माह्या हातातच त्याची नाडी थांबली."

मी विचारलं, "मग?"

"मंग काय. हातात काहीच नोहतं." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "कोण होतं, कुठं पडलं होतं... कोणाच्या तरी घरचं माणूस असन न वं ते?"

त्यानंतर बाबा या विषयावर बोलले नाहीत, आणि पुढच्याच महिन्यात गेले. मी कोणाला काय विचारणार? वैद्यकातल्या लोकांनी बधिरपणाबद्दल काही सांगितलं, तर मी ऐकेन. पण बाबांच्या हाताला बधिरपणा नव्हता. माझी हनुवटी अजून चांगली आहे. आरशात पाहते तेव्हा मला भीती वाटते, आणि कोणाची माफी मागायची तेही मला माहीत नाही.