गंजाचा दुश्मन

माझ्या साळ्यासारखा गंजाचा दुश्मन अख्ख्या रायपुरात सापडायचा नाही. सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या, म्हणजे भुसभुशीत लोखंडाच्या, कारखान्यात त्याची हयात गेली. तिथला ताजा माल उघड्यावर राहिला की नुसत्या हवेनं गंजतो, तापतो, धुमसतो, पेटही घेतो. ते पाहून पाहून गड्याचा हवेवरचा विश्वासच उडाला. लग्नाच्या पंगतीत हा सफरचंद कापायचा, अर्ध्याला लिंबू चोळायचा, अर्धं तसंच ठेवायचा, आणि ते हवेनं गंजून तांबूस होईपर्यंत नवरदेवाला उठू द्यायचा नाही.

मग माझी बायको, म्हणजे याची थोरली बहीण, विसरायला लागली. चहात मीठ टाकायची, मेलेल्या आईची वाट पाहायची. शंकर नगरचा डॉक्टर म्हणाला, मेंदू लय हवा खातो, त्यातून ठिणग्या उडतात. तरुणपणी शरीर त्या विझवतं, म्हातारपणी विझवणं कमी पडतं. या रोगाचं हे एक कारण असावं, सारं नाही. आणि गेलेलं परत आणणारं औषध नाही. मी शेवटचं ऐकून खाली बसलो. साळ्यानं फक्त पहिलं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी, भर मे महिन्यात, त्यानं आमच्या साऱ्या खिडक्या लावून घेतल्या. मी म्हटलं, "अबे, बहीण हाय का माल हाय?" आणि उघडल्या. मग तो आवळ्यावर आला, लिंबासारखाच तोही हवेला अडवतो म्हणे. हिवाळ्यात ताजा, एरवी वाळवलेला, सदर बाजारातून आणून रोज सकाळी आपल्या हातानं तिला भरवायचा. एक दिवस तिनं त्याचा हात धरला.

"भैया, तुमच्या घरी बहीण नाही का?"

 त्यानं हात सोडवला नाही. "हाय ना. बिमार हाय. तिच्यासाठीच आणून राहिलो."

"मग तिले द्या. मले काहून?"

"तिनंच पाठवला तुमच्यासाठी."

तिनं खाल्ला. मी फार शिकलो नाही, कोणापुढं सहसा वाकतही नाही. त्या दिवशी मान आपोआप खाली गेली.

पुढल्या वर्षी दिवाळीनंतर ती गेली. तेरवी झाली, आणि दुसऱ्या सकाळी हा दारात, हातात तीच पिशवी. मी म्हटलं, आता कोणाले?

"तुमाले."

"मले काय झालं?"

"काही झालं नाही, म्हणूनच. भाऊजी, लग्नानंतरची ताई मले ठाऊक नाही. ते सारं तुमच्याच डोक्यात हाय."

आवळ्यानं काही होत नाही, हे मला कळतं, बहुतेक त्यालाही. तरी तो रोज येतो, तिच्या गोष्टी विचारतो, आणि मी खात खात सांगतो. आवळ्यावर पाणी प्या, गोड लागतं, असं म्हणत ती मला पाणी आणून द्यायची. माझं नाव विसरली, हे नाही विसरली. आता पाण्यासाठी मीच उठतो.